पडवीतली जुनी स्कूटर पेटत नाही, मग स्पार्क प्लग कुठला घालायचा?

गणपतीला गावी पोचलं की मखर राहतं बाजूला, आधी पडवीत ताडपत्रीखाली उभी असलेली बाबांची टू-स्ट्रोक स्कूटर चालू करायचा सोहळा असतो. वीसेक किका मारून शर्ट घामानं भिजला की गडग्यावरून शेजारचे दोघं-तिघं डोकावतात आणि तज्ज्ञांची बैठक बसते. "प्लग गेलाय." "प्लग नाय रे, ह्या नवीन पेट्रोलनं वाट लावलीय." "इरिडियमचा घाल एकदा, अर्ध्या किकमध्ये पेटते की नाय बघ." हल्ली सगळ्या पंपांवर ई२०, म्हणजे इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, यायला लागल्यापासून जुन्या गाडीचं काहीही दुखलं तरी दोष एकतर पेट्रोलचा नाहीतर प्लगचा, आणि पेट्रोल काही आपल्या हातात नाही म्हणून बिचारा प्लग बदलला जातो.

मी मेकॅनिक नाही. पण चुकीचा प्लग घालून एकदा आंबा घाटात चांगलाच अडकलोय, त्यानंतर मेस्त्रीच्या मागे लागून आणि डबडी-पुस्तकं चाळून जे कळलं ते सांगतो. चेतक असो, आरएक्स १०० असो, मासळीवाल्यांची एम-एटी असो नाहीतर कार्बोरेटरवाली मारुती ८००, सगळ्यांना लागू आहे. डिझेल जीपवाल्या काकांनी मात्र इथेच थांबलं तरी चालेल, डिझेल इंजिनात हा प्लग नसतोच, तिथे हवा दाबूनच इतकी तापते की डिझेल आपोआप पेट घेतं.

एवढ्याशा प्लगला काम तरी काय

बंद खोलीत ठिणगी पाडायची, बस. पिस्टननं पेट्रोल आणि हवेचं मिश्रण दाबून धरलेलं असतं, त्यात बरोबर वेळेला ठिणगी पडली की भडका उडतो आणि पिस्टन खाली ढकलला जातो. बॅटरीत फक्त १२ व्होल्ट असतात (खूप जुन्या स्कूटरींना तर ६, आणि कित्येकांना ठिणगीसाठी बॅटरी लागतच नाही, चुंबकाचं चाक फिरून करंट तयार होतो), त्याचे दहा-वीस हजार व्होल्ट करायचं काम कॉइलचं आणि ते जाड वायरमधून कॅपमार्गे प्लगच्या डोक्यावर येतात. इंजिन मिनिटाला ३००० फेरे मारत असेल तर टू-स्ट्रोकमध्ये दर फेऱ्याला एक ठिणगी, म्हणजे सेकंदाला ५०! फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एक, म्हणजे २५.

एक जुना प्लग हातात घेऊनच पुढचं वाचा. वरचा पांढरा भाग सिरॅमिकचा, आपल्या कपबशीचा लांबचा भाऊ, त्यातून करंट बाहेर पळत नाही. मग पाना लावायचा सहा कोनांचा भाग, त्याच्या खाली वायसर, मग आटे, आणि तळाला मधोमध एक काटा आणि त्याच्यावर वाकलेला धातूचा आकडा. ठिणगी या काट्यातून आकड्यावर उडी मारते.

आटे बसले म्हणजे प्लग बसला ना?

नाही. आट्यांची जाडी जुळली, १४ मिलिमीटर किंवा छोट्या बाइकला १२ नाहीतर १०, की दुकानदार म्हणतो बसतोय की. पण आट्यांची लांबीसुद्धा बघायची असते. १४ च्या प्लगमध्ये सर्रास मिळणाऱ्या दोन लांब्या म्हणजे १२.७ मिलिमीटर आणि १९ मिलिमीटर. आखूड आट्यांच्या हेडमध्ये (इंजिनाचं वरचं झाकण, ज्यात प्लग बसतो) लांब प्लग घातला तर तो आत डोकं काढतो, पिस्टन वर आला की ठोकर, आणि समजा ठोकर नाही बसली तरी बाहेर आलेल्या आट्यांवर कार्बन चढतो, मग प्लग काढताना हेडचे आटे सोबत घेऊन येतो. उलट केलं तर ठिणगी बिळात पडते, गाडी चालते पण उदास चालते. दुकानात जुना आणि नवा प्लग शेजारी शेजारी धरून बघायचे, पाच सेकंदांचं काम आहे पण कोणी करत नाही.

गरम प्लग, थंड प्लग, इथे भलेभले फसतात

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही, आणि सगळ्यात कमी लोकांना माहिती असलेलीसुद्धा हीच.

फोडणी आठवा. तेल नीट तापलं नसेल तर मोहरी तडतडत नाही, नुसती पोहत बसते, आणि जास्त तापलं तर करपून कडू. प्लगच्या टोकाचं तसंच आहे. टोक साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या वर असलं की त्यावर बसलेली काजळी जळून जाते, प्लग स्वतःला स्वतःच साफ ठेवतो. त्याच्या खाली राहिलं तर काजळी साठत जाते, काजळीतून करंट पळतो, उडी मारायच्या ऐवजी सिरॅमिकवरून घसरत सरळ बॉडीला जातो, यालाच आपण प्लग शॉर्ट झाला म्हणतो. आणि टोक ८००-८५० च्या वर गेलं तर ते निखारा होतं. मग ठिणगीची वाट कोण बघतंय, पिस्टन अजून वर येतोय तोवरच निखाऱ्यावर मिश्रण पेटतं आणि पिस्टनला उलटा दणका बसतो. हे जास्त वेळ चाललं तर पिस्टनला भोक पडतं, अक्षरशः.

टोक किती तापणार ते काट्याभोवतीच्या सिरॅमिकच्या लांबीवर. उष्णता बाहेर पडते ती सिरॅमिकमधून लोखंडात, लोखंडातून हेडमध्ये. सिरॅमिकचं नाक लांब असेल तर उष्णतेला लांब वाट, म्हणजे लांबच्या लांब पाखाडी उतरून मग कुठे रस्ता लागतो तसं, ती आतच रेंगाळते, हा गरम प्लग. नाक आखूड तर घर रस्त्यालाच लागून, पटकन बाहेर, हा थंड प्लग. गरम प्लग म्हणजे जोरदार ठिणगी हा गैरसमज आहे, ठिणगीशी काही संबंध नाही. जास्त तापणाऱ्या इंजिनाला थंड प्लग लागतो आणि कमी तापणाऱ्याला गरम, आणि कुठल्या इंजिनाला कुठला हे कंपनीनं गाडीच्या पुस्तकात लिहून ठेवलेलं असतं.

आता माझी फजिती. मे महिना, मागे मावसभाऊ, पायाशी आंब्याची पेटी, निघालो कोल्हापूरला. पुस्तकातल्या नंबरचा प्लग मिळाला नव्हता म्हणून एका दुकानातून दुसरा घेतला होता, काउंटरवरचा म्हणाला "मोठा नंबर म्हणजे थंड प्लग, घाटाला एक नंबर." साखरपा सोडून घाट चढायला लागलो आणि निम्म्यात इंजिनातून सुपारी फोडल्यासारखा टकटक आवाज, ओढ गेली, स्विच बंद केला तरी गाडी आपली चार-पाच फटके मारत राहिली. प्लग काढून बघितला तर चुन्यासारखा पांढराफटक आणि टोकावर सुईच्या अग्राएवढे चकचकीत कण. ढकलत, उतारावर न्यूट्रलमध्ये सोडत साखरप्याला परत आलो. मेस्त्रीनं प्लग उन्हात धरून बघितला आणि म्हणाला, "हा प्लग कोणी दिलान रे तुला? हे कण पिस्टनचे आहेत, अजून दोन वळणं गेला असतास तर पिस्टन हातात आला असता."

झालं काय होतं, तर दुकानदार खोटं बोलत नव्हता. मोठा नंबर म्हणजे थंड हे एनजीके आणि डेन्सोच्या प्लगला खरं आहे. बॉश आणि चॅम्पियनचं बरोब्बर उलट, तिथे नंबर मोठा तेवढा प्लग गरम. मला मिळाला होता उलट्या नंबरवाला. आणि गोंधळ कमी पडू नये म्हणून आणखी एक गंमत, बॉशची भारतातली कंपनी २००८ पर्यंत मायको नावानं होती, तिच्या जुन्या डब्यांवर १४५, १७५, २२५ असे आकडे असायचे आणि त्यात मोठा आकडा म्हणजे थंड! नव्या पद्धतीत तेच साधारण ८, ७ आणि ५ झाले. म्हणजे बाबांच्या पुस्तकात २२५ लिहिलंय तर नव्या डब्यात ५ बघायचा. त्यामुळे एका कंपनीचा नंबर दुसरीला लावू नका, दुकानात तुलनेचा तक्ता असतो तो मागून घ्या, नसेल तर दुसरं दुकान बघा.

प्लगवरची अक्षरं कशी वाचायची

एकच उदाहरण देतो, म्हणजे अंदाज येईल. एनजीकेचा बी७एचएस घ्या. बी म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे, ७ हा गरम-थंडचा नंबर, एच म्हणजे १२.७ मिलिमीटर लांबी, एस म्हणजे आत तांब्याचा गाभा असलेला साधा प्लग. एच च्या जागी ई आला तर लांबी १९. मध्ये पी दिसला तर टोक जरा पुढे आलेलं, आणि आर दिसला तर आत रेझिस्टर आहे, म्हणजे करंटला थोडा अडवणारा तुकडा, ज्यामुळे रेडिओत खरखर येत नाही आणि नव्या गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सला त्रास होत नाही. जुन्या पॉइंटवाल्या गाडीला (जिथे ठिणगीची वेळ उघड-मीट होणारा साधा स्विच ठरवतो) आर नसला तरी अडत नाही, असला तरी बहुतेक वेळा गाडी चालतेच, फक्त कॅपमध्येही रेझिस्टर आणि प्लगमध्येही, आणि कॉइल म्हातारी, असं एकत्र आलं की ठिणगी मिणमिणती होते. कॉम्प्युटरवाल्या गाडीला मात्र आर काढून साधा घालायचा शहाणपणा करू नका.

बाहेर तर ठिणगी मस्त पडते, मग?

हा प्रश्न हमखास येतो. प्लग काढून कॅपमध्ये खोचला, हेडला टेकवला, किक मारली, निळी ठिणगी दिसली, चला प्लग चांगला आहे! पण काटा आणि आकडा यांच्यामधलं अंतर, म्हणजे गॅप, बाहेर ओलांडणं सोपं असतं. व्हाळावरून रिकाम्या हातानं उडी मारणं वेगळं आणि डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन मारणं वेगळं. आत मिश्रण दाबलेलं असतं, तिथे तीच उडी मारायला कितीतरी जास्त व्होल्ट लागतात, त्यामुळे बाहेर उडी मारणारा प्लग आत अडखळू शकतो. (आणि ही चाचणी करताना प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ उडत असते, भोकावर फडकं ठेवा आणि प्लग लांब टेकवा. टेकवल्याशिवाय किक मारू नका, झटका बसतो आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं युनिटही जाऊ शकतं.)

जुन्या पॉइंटवाल्या गाड्यांना गॅप साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर असते, नव्या कार १ च्या पुढेही जातात. डब्यातून आलेला प्लग आपल्या गाडीच्या गॅपचा असेलच असं नाही. फिलर गेज, म्हणजे पातळ पट्ट्यांचा जुडगा, स्वस्तात मिळतो, हव्या त्या आकड्याची पट्टी सरकवून बघायची, जरा घासत गेली पाहिजे. कमी-जास्त करायचं तर फक्त बाहेरचा आकडा हलवायचा, मधल्या काट्याला जोर लावला की सिरॅमिक तडकतं. वापरून वापरून काट्याच्या कडा गोल होतात आणि गॅप वाढत जाते, आणि ठिणगीला धारदार कडेवरून उडी मारायला आवडतं, म्हणूनच जुना प्लग कितीही घासला तरी नव्यासारखा होत नाही. घासायचाच तर जुना टूथब्रश आणि पेट्रोल. तारेच्या ब्रशनं सिरॅमिकवर धातूच्या रेघा उठतात आणि करंटला पळवाट मिळते.

इरिडियम घालू का?

घाला, पैसे तुमचे आहेत. इरिडियम हा धातू २४०० अंशांच्याही वर वितळतो, साध्या प्लगच्या टोकाचं निकेल साडेचौदाशेच्या आसपास, म्हणून इरिडियमचा काटा अगदी बारीक केला तरी झिजत नाही, आणि बारीक टोकावरून उडी मारायला व्होल्ट कमी लागतात. हे सगळं खरं आहे. ज्या कारमध्ये प्लग बदलायला अर्धं इंजिन उघडावं लागतं तिथे दर लाख किलोमीटरला एकदा बदलणं परवडतं. पण आपल्या स्कूटरचा प्लग दोन मिनिटांत निघतो, आणि पिस्टनच्या रिंगा झिजून ऑइल पिणाऱ्या इंजिनात महागडा प्लगसुद्धा तितक्याच प्रेमानं काळा होतो. माझं मत, बरोबर नंबरचा साधा प्लग दोन घ्या, एक लावा, एक डिकीत ठेवा. आणि "मायलेज वाढतं" म्हणाल, तर खराब प्लगमुळे जे गेलं होतं तेवढं परत येतं, खिशातून वर काही देत नाही.

प्लगचा रंग म्हणजे गाडीची नाडी

प्लग हे औषध कमी आणि थर्मामीटर जास्त. बिस्किटासारखा फिकट तपकिरी रंग असेल तर सगळं ठीक (टू-स्ट्रोकला जरा गडद चालतो, त्यात ऑइल जळतं). कोरडी काळी मऊ काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, एअर फिल्टर बुजलेला, चोक अडकलेला, किंवा प्लग गरजेपेक्षा थंड. ओला तेलकट काळा असेल तर टू-स्ट्रोकला ऑइल जास्त घातलंय आणि फोर-स्ट्रोकला रिंगा नाहीतर व्हॉल्व्हचे सील गेलेत. पांढरा, फोड आल्यासारखा, तर पेट्रोल कमी, कुठून तरी हवा खेचतेय, ठिणगीचं टायमिंग पुढे गेलंय किंवा प्लग गरम.

फक्त बघायची वेळ चुकवू नका. गाडी घराजवळच पाच मिनिटं चालवून, मग बंद करून बघितली तर कुठलाही प्लग काळाच दिसणार. चांगली दहा-बारा किलोमीटर पळवून, चढ चढून, तिथेच इंजिन बंद करून, थंड होऊ द्यायची आणि मग काढायचा.

मग ऑइल पिणाऱ्या गाडीला एका नंबरानं गरम प्लग घातला तर? चालतं, मेस्त्री लोक करतात, रोज वाडीपासून नाक्यापर्यंतच जाणारी गाडी असेल तर महिने काढते. पण एकच नंबर, आणि त्या प्लगवर दोन माणसं नि सामान घेऊन घाट चढायचा नाही. तापाची गोळी आहे ती, रिंगा कधीतरी टाकाव्याच लागणार.

आणि ई२० चं काय?

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो म्हणून त्याला जळायला हवा कमी लागते. १ किलो शुद्ध पेट्रोलला १४.७ किलो हवा, इथेनॉलला फक्त ९, आणि ई२० ला साधारण साडेतेरा. नवी इंजेक्शनवाली गाडी सेन्सरनं हे ओळखून जास्त पेट्रोल सोडते. आपल्या कार्बोरेटरचं जेट म्हणजे पितळेतलं एक भोक, त्याला काय कळणार, ते जुन्याच हिशोबानं सोडतं, आणि मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त पेट्रोल कमी. शिवाय इथेनॉलमध्ये तेवढ्याच लिटरला ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या दुचाकींचं मायलेज ३ ते ४ टक्के आणि जुन्या कारचं ६ ते ७ टक्के कमी होईल असा अंदाज दिलेला आहे, तेव्हा ते प्लग बदलून परत मिळणार नाही.

प्लग मात्र थोडा फिकट दिसायला लागतो, आणि लगेच लोक थंड प्लग शोधायला धावतात. जरा थांबा. इथेनॉल जळताना काजळी कमी करतं म्हणूनही प्लग फिकट दिसतो, तेवढ्यावरून इंजिन तापतंय असं होत नाही. टकटक आवाज, ओढ नसणं, प्लगवर फोड, हे सोबत असेल तरच काळजी, आणि तेव्हाही आधी जेट आणि कार्बोरेटरचा स्क्रू सेट करून घ्यायचा, रबरी नळ्या फुगल्यात की चिरल्यात ते बघायचं. नंबर पुस्तकातलाच ठेवायचा.

खारी हवा, चार महिने पाऊस

घाटावरच्या गाड्यांना नसलेला आमचा कोकणातला खास प्रॉब्लेम. दर्याच्या खाऱ्या वाऱ्यानं प्लगची बॉडी गंजते, गंज आट्यांत उतरतो, आणि अॅल्युमिनियमच्या हेडमधून प्लग निघता निघत नाही. इंजिन गरम असताना तर मुळीच जोर करू नका, आटे गेले की खर्च प्लगच्या दसपट. भोवतीची माती आधी फुंकून काढा, गंज उतरवायचं तेल सोडा, रात्रभर ठेवा. बसवताना आधी बोटांनी शेवटपर्यंत, मग पान्यानं नवीन वायसर असेल तर अर्धा फेरा, जुनाच प्लग परत लावत असाल तर घड्याळाच्या काट्याच्या एका तासाएवढंच. सैल ठेवलात किंवा वायसर हरवला तर उष्णता हेडमध्ये जाऊ शकत नाही आणि बरोबर नंबरचा प्लगही करपतो. पावसात अचानक बंद पडणाऱ्या बऱ्याच गाड्यांचा प्लग चांगलाच असतो, कॅपचं रबर चिरलेलं असतं, रात्री अंधारात बघितलं तर वायरवर निळ्या मुंग्या धावताना दिसतात.

आणि मुंबईला परत जाताना एवढं करा. टाकी रिकामी करा, कारण इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि पाणी फार झालं की ते दोघं मिळून टाकीच्या तळाशी बसतात, मग पुढच्या गणपतीला पहिली किक त्या पाण्यावर. पेट्रोलचा कॉक बंद करून गाडी आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा म्हणजे कार्बोरेटरही रिकामा होतो. मग प्लग काढा, भोकात चमचाभर टू-टी ऑइल सोडा, हातानं दोन-तीनदा किक फिरवा, प्लग परत लावा. मी एका वर्षी घाईत कॉक उघडाच ठेवून गेलो होतो, आई अजून सांगते, पितृपक्षाचे पंधरा दिवस सगळ्या घराला पेट्रोलचा वास येत होता.